हुन्नर, हुद्दा आणि बसायला जागा
(बडोदे संस्थानाच्या नोकरवर्गाच्या इतिहासातील काही पाने)

कोणतीही संस्था कशी चालेल हे तिच्यातील माणसे कशी निवडली जातात, त्यांना काय शिकवले जाते आणि त्यांना कसे वागवले जाते यावर अवलंबून असते, असा सिद्धान्त अलीकडे व्यवस्थापनशास्त्रात फार आदराने मांडला जातो. त्याला ‘मनुष्यबळ व्यवस्थापन’ असे भारदस्त नावही मिळाले आहे. नाव नवे असले तरी विषय नवा नाही. निदान बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथे पिढ्यान् पिढ्या संस्थानी चाकरीत काढलेल्या मराठी कुटुंबांना तो परका वाटण्याचे कारण नाही. कारकुनी, फडणिशी, वहिवाटदारी, मास्तरकी ही आमच्या घराण्यांची ओळखच होती. संस्थान चालवणारी माणसे ती आम्हीच, असा एक रास्त अभिमानही आमच्या बोलण्यात अजून डोकावतो. तेव्हा हा सिद्धान्त पारखून पाहण्यास परदेशातील कारखान्यांची उदाहरणे शोधण्यापेक्षा बडोदे संस्थानाच्या कारभाराकडे वळणे आम्हांस अधिक सोयीचे वाटते. १८७४ ते १९१७ या त्रेचाळीस वर्षांत माणसे निवडण्याचे, घडवण्याचे आणि गमावण्याचे जवळजवळ सगळे प्रकार या एकाच दरबारात घडून गेले, आणि त्यांचे परिणामही आज स्पष्ट दिसतात.

प्रश्न साधा आहे. कर्तबगार माणसे आणून बसवली की कारभार सुधारतो काय?

पहिले उत्तर १८७४ साली मिळाले, आणि ते नकारार्थी होते. मल्हारराव गायकवाड १८७० मध्ये गादीवर आले, तेव्हा महसूल इजाऱ्याने दिला जाई, खजिन्याचे व्यवहार सावकारी पेढ्यांच्या हाती असत, आणि न्यायाच्या कामाला निश्चित पद्धत अशी नव्हती. त्यांच्या कारभाराविरुद्धच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी इंग्रज सरकारने १८७३ मध्ये कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्या आयोगासमोर आलेल्या गोष्टींपैकी एक आमच्या विषयाशी थेट निगडित आहे. वहिवाटदारासारख्या अंमलदाराकडून नेमणुकीच्या वेळी नजराणा घेतला जाई. ज्याने जागा पैसे मोजून घेतली तो ते पैसे रयतेकडून वसूल करणार, हे सांगण्यास शास्त्र लागत नाही. अशा व्यवस्थेत अंमलदार हुशार असला तर रयतेचे नुकसान उलट वाढते, कारण वसुलीतही हुशारी कामी येते. भरतीची रीतच विपरीत असेल तर कौशल्य हेच संकट ठरते, हा या प्रकरणाचा पहिला धडा होय.

अशा परिस्थितीत दादाभाई नौरोजी बडोद्याचे दिवाण झाले. त्यांची विद्वत्ता, सचोटी आणि हिशेबावरची पकड यांविषयी कोणास शंका घेता येणार नाही. त्यांनी आपल्याबरोबर मुंबई इलाख्यातील निवडक मंडळी आणली. न्यायखात्यासाठी बाळ मंगेश वागळे, फौजदारी कामासाठी होरमसजी वाडिया, महसुलासाठी काझी शहाबुद्दीन. एवढी तयारीची माणसे त्या काळी क्वचितच एखाद्या संस्थानाला एकदम लाभली असतील. परंतु दरबारातील जुनी मंडळी आपापल्या जागी राहिली, महाराजांचा विश्वास त्यांच्यावरच अधिक, आणि दुसरीकडे रेसिडेंट कर्नल फेअर यांचा दादाभाईंना उघड विरोध. हुकूम दिवाणाने काढावा आणि त्याची अंमलबजावणी दुसऱ्याच कोणाच्या मर्जीवर असावी, अशी ती स्थिती होती. जानेवारी १८७५ मध्ये दादाभाईंनी राजीनामा दिला. एप्रिल १८७५ मध्ये मल्हारराव पदच्युत झाले.

यानंतरची गोष्ट अधिक बोलकी आहे. मे १८७५ मध्ये नाशिककडील कवळाणे येथील बारा वर्षांच्या मुलाला दत्तक घेऊन गादीवर बसवण्यात आले, आणि अल्पवयीन सयाजीरावांच्या वतीने कारभार पाहण्यासाठी सर टी. माधवराव दिवाण म्हणून आले. माधवराव हे तंजावरकडील मराठी घराण्यातले. त्यांचा जन्म १८२८ मध्ये कुंभकोणम् येथे झाला. त्रावणकोर आणि इंदूर या दोन संस्थानांच्या दिवाणगिरीचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. दक्षिणेत पिढ्यान् पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी माणसाने इंदूरमार्गे बडोद्यास यावे, हा योग आमच्यासारख्या वाचकांना विशेष वाटेल. मात्र येथे लक्ष वेधायचे आहे ते दुसऱ्याच गोष्टीकडे. दादाभाईंबरोबर आलेले काझी शहाबुद्दीन माधवरावांच्या कारकिर्दीत महसूलखात्याचे प्रमुख म्हणून यशस्वी झाले, आणि माधवराव गेल्यावर १८८३ ते १८८६ या काळात स्वतः दिवाण झाले. माणूस तोच, काम तेच, मुलूख तोच. १८७४ मध्ये जे जमले नाही ते पुढच्या काही वर्षांत जमले. मधल्या काळात काझींच्या बुद्धीत फरक पडला नव्हता. त्यांच्या भोवतीची व्यवस्था बदलली होती.

ही व्यवस्था काय होती? खात्यांची वाटणी झाली. महसूल, न्याय, पोलीस, शिक्षण यांची कामे वेगळी झाली, आणि कोणाचा हुकूम कोणास लागू हे ठरले. खजिना सरकारच्या ताब्यात आला. अंमलदाराला ठरलेला पगार मिळू लागला, म्हणजे त्याने रयतेकडे हात पसरण्याचे सबळ कारण उरले नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दिवाणाच्या शब्दाला किंमत आली. सर्व सत्ता रिजन्सीच्या हाती असल्याने माधवरावांना ती मिळाली, दादाभाईंना मिळाली नव्हती, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही मिळालेल्या सत्तेचा उपयोग त्यांनी नव्या माणसांवर नव्या माणसांची भर घालण्यात केला नाही. माणसांना काम करता येईल अशी घडी बसवण्यात केला. १८८१ मध्ये तरुण महाराजांसाठी त्यांनी जी व्याख्याने दिली, ती ‘मायनर हिंट्स’ या नावाने प्रसिद्ध झाली. राजाने अधिकारी कसे निवडावेत, निवडल्यावर त्यांच्यावर विश्वास कसा ठेवावा आणि त्यांच्या कामात रोज ढवळाढवळ का करू नये, याचे विवेचन त्यांत आढळते. सयाजीरावांच्या राज्यकारभाराची बाराखडी ती हीच.

डिसेंबर १८८१ मध्ये सयाजीरावांनी सूत्रे हाती घेतली. बाहेरून आणलेल्या अधिकाऱ्यांवर संस्थान कायमचे चालणार नाही, हे त्यांनी लवकरच ओळखले. बाहेरचा माणूस अनुभव घेऊन येतो खरा, पण तो गेला की अनुभवही त्याच्याबरोबर जातो. म्हणून त्यांनी दुहेरी धोरण ठेवले. एकीकडे हिंदुस्थानभरातून आणि परदेशांतून गुणी माणसे बोलवायची. दुसरीकडे संस्थानातील तरुणांना शिष्यवृत्त्या देऊन शिकवायचे आणि परत आल्यावर त्यांना जबाबदारीच्या जागा द्यायच्या. खासेराव जाधवांना शेतीच्या शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवले गेले आणि परतल्यावर ते सुभ्याच्या हुद्द्यापर्यंत चढले. शेतीप्रधान प्रांतांचा मुख्य अधिकारी शेतीचे शास्त्र शिकलेला असावा, ही कल्पना त्या काळी सामान्य नव्हती.

बाहेरून आलेल्यांना कसे तयार केले जाई, याचे ठळक उदाहरण म्हणजे अरविंद घोष. इंग्लंडात शिकून १८९३ मध्ये ते बडोद्याच्या नोकरीत आले. प्रथम त्यांना जमीन मोजणी व आकारणीच्या खात्यात काम दिले गेले, मग मुद्रांक व महसूलखात्यात, नंतर सचिवालयात, आणि पुढे बडोदे कॉलेजात फ्रेंच व इंग्रजीचे अध्यापन. केंब्रिजच्या विद्वानाला आकारणीच्या दप्तरात बसवणे आज विचित्र वाटेल, परंतु खाते खाते फिरवून कारभाराची ओळख करून देण्याची ती रीत होती. याच नीतीने रमेशचंद्र दत्त यांना आणण्यात आले. इंग्रज सरकारच्या मुलकी सेवेतून निवृत्त झालेले आणि हिंदुस्थानच्या आर्थिक इतिहासाचे हे गाढे अभ्यासक १९०४ पासून बडोद्याचे अमात्य होते, १९०९ मध्ये दिवाण झाले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बडोद्यातच वारले. जमीन महसुलावर ज्याने ग्रंथ लिहिले त्याच्याच हाती महसूलखाते सोपवण्याची ही संधी फार थोड्या राज्यकर्त्यांनी साधली असेल.

या सर्वांच्या हाताखाली जो मोठा वर्ग काम करी तो आमचा वर्ग होय. प्रजेची भाषा गुजराती, दरबारी घराण्याची मराठी, आणि वरिष्ठ पत्रव्यवहार इंग्रजीत. मोडी वाचता यावी, गुजरातीत अर्ज समजावा आणि इंग्रजीत टिपण लिहिता यावे, हे त्या कारकुनाचे भांडवल. भाषांच्या या त्रिवेणीचा विचार दरबारानेही केला. कारभारातील शब्दांना आठ भाषांतील प्रतिशब्द देणारा ‘सयाजी शासन शब्द कल्पतरु’ १९३१ मध्ये निघाला. कचेरीतील माणसाला लागणारे साधन कचेरीनेच पुरवावे, हा त्यामागचा विचार आम्हांस आजही अनुकरणीय वाटतो.

कौशल्य घडवण्याचा याहून मोठा प्रयोग म्हणजे १८९० मध्ये स्थापन झालेले कलाभवन. त्याचे शिल्पकार प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. रंगकाम, रसायन, यंत्रविद्या, सुतारकाम, चित्रकला, वास्तुरचना अशा विषयांचे शिक्षण देशी भाषेतून द्यावे, म्हणजे कारागिराचा मुलगाही ते घेऊ शकेल, असा गज्जरांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले, हे पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु गज्जर १८९६ च्या सुमारास बडोदे सोडून मुंबईस विल्सन कॉलेजात गेले. त्यांच्या योजनांचा आवाका आणि संस्थानी खात्यांची झेप यांचा मेळ पुढे राहिला नव्हता. संस्थानाने हुन्नराची शाळा काढली होती. हुन्नरी माणसाला मोकळा हात देण्याची तयारी मात्र तितकी नव्हती. गज्जर गेले म्हणून त्यांनी पेरलेले वाया गेले नाही. १९०७ मध्ये गज्जर, कोटिभास्कर आणि भाईलाल दाजीभाई अमीन यांच्या प्रयत्नांतून अलेम्बिक केमिकल वर्क्स ही कंपनी उभी राहिली आणि बडोद्याच्या रसायन व औषध उद्योगाचा पाया घातला गेला. त्यांतील कोटिभास्कर हे बडोदेकर मराठी वाचकास जवळचे वाटणारे नाव. कलाभवनही टिकले, आणि १९४९ नंतर महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाच्या तंत्रशाखेत त्याचे रूपांतर झाले. तरीही मूळ योजकालाच संस्थेत राहावेसे वाटले नाही, ही गोष्ट नोंदवून ठेवणे इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य आहे.

याच्या उलट, जेथे निवड, शिक्षण आणि अधिकार हे तिन्ही एकत्र आले तेथे काय घडते, हे ग्रंथालयखात्यात दिसून आले. अमेरिकेच्या प्रवासात तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहून सयाजीरावांनी विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना १९१० मध्ये बडोद्यास आणले. बॉर्डन तीन वर्षे राहिले. या तीन वर्षांत त्यांनी केवळ पुस्तके लावली असती तर ते गेल्यावर सगळे पुन्हा विस्कळीत झाले असते. त्यांनी पहिल्याप्रथम माणसे तयार केली. १९११ मध्ये त्यांनी बडोद्यात ग्रंथपालांसाठी शिक्षणवर्ग सुरू केला. हिंदुस्थानातील हा अशा प्रकारचा पहिला वर्ग. लाहोरचा वर्ग १९१५ मधला, आणि रंगनाथन यांचा मद्रासचा वर्ग १९२९ मधला. महाराजांनी राजवाड्यातील आपला सुमारे २०,००० ग्रंथांचा संग्रह मध्यवर्ती ग्रंथालयास दिला, आणि स्थानिक परिस्थितीस योग्य असे वर्गीकरणही बॉर्डन यांनी तयार केले.

बॉर्डन परत गेल्यावर खात्याचे काय झाले, हीच खरी कसोटी. काम थांबले नाही. जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी खात्याची धुरा घेतली आणि १९१९ मध्ये बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यांच्यानंतर न्यूटन मोहन दत्त यांनी ते काम पुढे नेले. खेड्यापाड्यांतील वाचनालयांची जबाबदारी मोतीभाई अमीन यांच्यासारख्या, ते काम आधीपासून लोकांत करीत असलेल्या माणसाकडे आली. गावकऱ्यांनी जितकी रक्कम उभी करावी तितकीच प्रांत पंचायतीने आणि तितकीच सरकारने द्यावी, असा त्रिभागाचा नियम झाला. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या दूरच्या गावांना जात आणि त्यांच्या वाहतुकीचा खर्च सरकार सोसे. १९३१ मध्ये मांडवीजवळ मध्यवर्ती ग्रंथालयाची इमारत उभी राहिली. काचेच्या जमिनी आणि लोखंडी मांडण्या असलेली ती इमारत आजही पाहणाऱ्यास थक्क करते. पण आमच्या मते, या खात्याचे खरे यश इमारतीत नसून, परदेशी तज्ज्ञ निघून गेल्यावर एक दिवसही काम अडले नाही, यात आहे. येथे शिकवणारा आला तो शिकवण्यासाठी, शिकलेल्याला हुद्दा मिळाला, आणि हुद्देदाराला करण्यासारखे काम व ते करण्याची मोकळीक मिळाली.

आता आम्हांस अशा प्रसंगाकडे वळावयाचे आहे की ज्यावाचून ही हकीकत केवळ गौरवगाथा होऊन बसेल.

अंत्यज मुलांसाठी शाळा काढण्याचा हुकूम सयाजीरावांनी कारकिर्दीच्या आरंभीच, १८८२–८३ मध्ये दिला. पैसा होता, हुकूम होता, मुले होती, शिक्षक मिळेनात. शिकवण्याचे कौशल्य असलेले सवर्ण शिक्षक तेथे जाण्यास तयार नसत, म्हणून बऱ्याच ठिकाणी मुसलमान शिक्षकांवर अवलंबून राहावे लागले. अखेर १९०८ मध्ये पंजाबातून आर्यसमाजाचे मास्तर आत्माराम यांना बोलावून या शाळा व वसतिगृहे त्यांच्या देखरेखीखाली देण्यात आली. म्हणजे संस्थानात शिक्षक नव्हते असे नाही. सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सुरू करून १९०६ मध्ये तो साऱ्या राज्यास लागू करणाऱ्या संस्थानात शिक्षक नाहीत असे म्हणता येणार नाही. पुढे नामदार गोखल्यांनी केंद्रीय विधिमंडळात सक्तीच्या शिक्षणाचा प्रश्न मांडताना ज्या बडोद्याचा दाखला दिला, ते हेच बडोदे. शिक्षक होते, त्यांना शिकवता येत होते. पण काही मुलांसमोर उभे राहण्यास ते तयार नव्हते. कौशल्य असणे आणि ते सर्वांसाठी वापरण्याची मनाची तयारी असणे या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत, हे येथे दिसते.

हीच गोष्ट १९१७ मध्ये दरबारच्या कचेरीत घडली. भीमराव रामजी आंबेडकर यांना एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असताना बडोद्याची दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळत होती. १९१३ मध्ये त्यांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली गेली, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार त्यांच्याकडून लिहून घेतला गेला. करार दोन्ही बाजूंनी चोख होता. आजच्या कोणत्याही मोठ्या कंपनीने तो पाहून मान डोलवावी. आंबेडकरांनी न्यूयॉर्क आणि लंडन येथे अर्थशास्त्राचा जो अभ्यास केला, त्यातील राज्याच्या वित्तव्यवस्थेचा भाग तर संस्थानाच्या अर्थखात्यासाठीच जणू योजलेला. त्यांना पुढे अर्थखाते सोपवावे असा महाराजांचा मानस होता, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

सप्टेंबर १९१७ मध्ये करारानुसार ते बडोद्यास हजर झाले, आणि अकाउंटंट जनरलच्या कचेरीत उमेदवार म्हणून काम करू लागले. शहरात त्यांना राहण्यास जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून त्यांनी काही दिवस काढले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. एका हिंदू व एका ख्रिस्ती परिचिताकडे त्यांनी आसरा मागितला, तोही मिळाला नाही. दिवाण मनुभाई मेहता यांच्याकडेही त्यांनी राहण्याच्या सोयीविषयी शब्द टाकला होता, त्यातून काही निष्पन्न झाले नाही. कचेरीत शिपाई कागद त्यांच्या हाती न देता दुरून टाकीत, आणि पिण्याच्या पाण्याची सोय त्यांच्यासाठी नसे. कमाटी बागेत बसून त्यांनी ते तास कसे काढले हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. ते मुंबईस परतले. दहा वर्षांचा करार दोन आठवड्यांतच व्यवहारात संपला.

या प्रकरणाकडे सामाजिक अन्याय म्हणून पाहिले जाते, आणि तसे ते पाहिलेच पाहिजे. येथे आम्ही त्याच घटनेकडे कारभाराच्या दृष्टीने पाहत आहोत. निवड उत्तम होती, कारण महाराजांनी गुण पारखून निवडले होते. शिक्षण उत्तम होते. करार स्पष्ट होता. राजाचा हुकूम पाठीशी होता. आधुनिक व्यवस्थापन ज्या बाबी मोजते त्या सर्व येथे जागच्या जागी होत्या. नव्हती ती एकच गोष्ट, आणि ती वरिष्ठांच्या हुकमात लिहिता येण्यासारखी नव्हती. शेजारच्या मेजावरच्या कारकुनाने कागद हातात द्यावा, शिपायाने पाणी द्यावे, एखाद्या घराचे दार उघडावे, एवढीच ती गोष्ट. महाराजांचा हुकूम कचेरीच्या दारापर्यंत पोचला होता. दाराच्या आत दुसराच कायदा चालू होता. १८७४ मध्ये दादाभाईंचे हात वरून बांधले गेले होते, १९१७ मध्ये आंबेडकरांचे खालून आणि बाजूने. निकाल दोन्ही वेळा एकच लागला. गुणी माणूस गेला आणि कचेरी होती तशीच राहिली.

संस्थानाने काय गमावले याचा हिशेब करणे अवघड नाही. आंबेडकर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ निघाला. १९२५ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि तो त्यांनी शिक्षणास केलेल्या मदतीबद्दल कृतज्ञता म्हणून सयाजीराव गायकवाडांना अर्पण केला. या अर्पणपत्रिकेवर आम्हांस वाचकांनी क्षणभर थांबावे असे वाटते. ज्या विद्येसाठी बडोद्याने पैसा खर्च केला तिचे फळ ग्रंथरूपाने बडोद्याच्या राजाच्या नावे परत आले. ती विद्या बडोद्याच्या कचेरीत मात्र कधीच वापरली गेली नाही. राजाला मिळालेला मान त्याच्या कचेरीच्या वाट्याला येऊ शकला नाही.

कोणी म्हणेल, की काळच तसा होता, आणि एकट्या बडोद्याला दोष का द्यावा? काळ तसा होता यात शंका नाही. परंतु हाच काळ ग्रंथालयखात्याचाही होता. ज्या वर्षी आंबेडकर अमेरिकेस गेले त्याच वर्षी बॉर्डन अमेरिकेस परतले. अमेरिकेहून आलेल्या परक्या माणसाला बडोद्याच्या कचेरीत जागा मिळाली, सहकारी मिळाले, शिष्य मिळाले. त्याच अमेरिकेत शिकून आलेल्या आपल्या माणसाला पेलाभर पाणी मिळाले नाही. तेव्हा नव्याला सामावून घेण्याची शक्ती त्या कचेरीत नव्हती असे म्हणता येत नाही. ती शक्ती कोणासाठी वापरायची हे कचेरीतील माणसे ठरवीत होती, आणि ती माणसे बहुतांशी आमच्याच पूर्वजांच्या वर्गातली होती. मोडी आणि इंग्रजी या दोहोंत तरबेज असलेल्या, नेकीने चाकरी करणाऱ्या आणि पेन्शन घेऊन समाधानाने घरी बसणाऱ्या त्या पिढीचा अभिमान बाळगताना ही बाजूही आम्ही जवळ ठेवली पाहिजे. तशी ती ठेवल्याने त्यांचे चांगले काम कमी होत नाही. केवळ त्याचे माप खरे होते.

तीन काळांतील या हकीकती एकत्र ठेवल्या म्हणजे आमचा निष्कर्ष थोडक्यात सांगता येतो. हुन्नर शिकवता येतो, आणि बडोद्याने तो उदारपणे शिकवला. हुद्दा हुकमाने देता येतो, आणि सयाजीरावांनी तो जात, प्रांत, देश न पाहता दिला. पण हुन्नर आणि हुद्दा यांच्या जोडीला माणसाला बसायला जागा लागते. ती जागा खुर्चीची नव्हे, सहकाऱ्यांच्या वागणुकीची. ज्या खात्यांत ती मिळाली तेथील कामे त्यांच्या संस्थापकांच्या मागेही चालत राहिली. जेथे ती मिळाली नाही, तेथे उत्तम शिष्यवृत्तीही केवळ दुसऱ्याच्या उपयोगी पडली.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि तो नोकरवर्गही काळाच्या ओघात विरून गेला. त्याची आठवण आता दोन ठिकाणी उरली आहे. एक सरकारी दप्तरांत, आणि दुसरी आमच्या घरांतल्या जुन्या पेट्यांत, जेथे नेमणुकीचे हुकूम, बढतीचे कागद आणि पेन्शनची पुस्तके अजून बांधून ठेवलेली सापडतात. या कागदांतून कोणास कोणता हुद्दा मिळाला हे कळेल. कोणाच्या हाती कागद दिला गेला आणि कोणाकडे तो दुरून टाकला गेला, हे त्यांत लिहिलेले नसेल. ते सांगणारी वृद्ध मंडळी काही घरांत अजून आहेत. त्यांनी आपल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले, गोड तेवढेच न निवडता, कोणी तरी लिहून घ्यावे. त्याखेरीज बडोद्याच्या कारभाराचा इतिहास पुरा झाला असे आम्ही समजणार नाही.